तालुक्याचं केबल चॅनल मोबाईलवर न्यायचं तर क्लाउडवर नेमकं काय ठेवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी केबलवर लोकल चॅनल चालतं. सकाळी भजन, दुपारी रेकॉर्ड केलेली कीर्तनं आणि सत्कार समारंभ, संध्याकाळी साडेसातला अर्धा तास बातम्या आणि बाजारभाव, वर्षातून दोनदा जत्रा थेट. केबलची कनेक्शनं घटताहेत आणि पुण्या-मुंबईत, दुबईत गेलेली गावची माणसं ‘मोबाईलवर दिसेल का’ म्हणून विचारताहेत. एका कंपनीनं ‘संपूर्ण चॅनल क्लाउडवर’, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या संगणकांवर, असं कोटेशन दिलंय आणि आकडा बघून घाम फुटलाय. रोज पाच हजार आणि जत्रेला वीस हजार प्रेक्षक धरलेत. विचारलंय एवढंच, की ॲमेझॉन घ्यावं, गूगल घ्यावं की आणखी कोणी?

कोणाचा क्लाउड हा यातला सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. आधी चॅनलचे तुकडे सुटे करून बघा. चार कामं असतात. कार्यक्रम एकामागून एक लावून सलग फीड तयार करणं म्हणजे प्लेआउट. त्या फीडच्या तीन-चार दर्जाच्या प्रती काढणं म्हणजे ट्रान्सकोडिंग. त्या प्रती जिथून उचलल्या जातात ती जागा म्हणजे ओरिजिन. आणि तिथून हजारो फोनपर्यंत पोचवणं म्हणजे वाटप, जे सीडीएन (जागोजागी सर्व्हर ठेवून फायली पोचवणारी सेवा) करते. कोटेशनवाल्यानं या चारही कामांना एकाच आकड्यात बांधलंय. प्रत्येकाचा खर्च वेगळ्या कारणानं वाढतो, त्यामुळे ‘सगळं क्लाउडवर’ आणि ‘काहीच नको’ ही दोन्ही उत्तरं बहुधा चुकीची ठरतात.

नेटफ्लिक्सचं उदाहरण यासाठी नेहमी अर्धवट सांगितलं जातं. २००८ मध्ये डेटाबेस बिघडल्यावर त्यांनी क्लाउडची वाट धरली आणि जानेवारी २०१६ मध्ये स्थलांतर पूर्ण केलं, हे खरं. लॉगिन, शोध, शिफारशी, ट्रान्सकोडिंग हे सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडवर आहे. पण तुम्ही प्ले दाबल्यावर जो व्हिडिओ येतो तो तिथून येत नाही. तो त्यांच्या स्वतःच्या ओपन कनेक्ट या सीडीएनच्या पेट्यांमधून येतो, आणि त्या पेट्या इंटरनेट कंपन्यांच्या आवारात बसवलेल्या असतात. इतका मोठा ग्राहकसुद्धा व्हिडिओचे बाइट क्लाउडच्या दारातून बाहेर काढत नाही. तुमच्या बिलाचा मोठा भागही त्याच दारात अडकणार आहे.

हिशेब मांडू. मोबाईलवर व्हिडिओचा वेग सरासरी १.२ एमबीपीएस (सेकंदाला १.२ मेगाबिट) धरला तर एका तासाला एक प्रेक्षक ५४० एमबी ओढतो. पाच हजार लोकांनी रोज वीस-वीस मिनिटं पाहिलं तर प्रत्येकी १८० एमबी, म्हणजे दिवसाला ९०० जीबी आणि महिन्याला २७ टीबी. मुंबईतल्या डेटा सेंटरांमधून डेटा बाहेर पाठवण्याचा मोठ्या कंपन्यांचा यादीतला दर जीबीला दहा सेंटच्या आसपास पडतो. म्हणजे सुमारे २,७०० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तरी महिन्याला सव्वादोन लाखांच्या वर, आणि तेही फक्त वाटपाचे. याउलट चोवीस तास ट्रान्सकोडिंग करणारं आठ व्हीसीपीयूचं (क्लाउडवरच्या प्रोसेसरांचं) मशीन तासाला साधारण ०.३४ डॉलरला मिळतं. महिन्याचे ७३० तास धरले तर अडीचशे डॉलर. साठवणीचा खर्च तर याहून किरकोळ. मशीन कोणतं घ्यावं यावर दिवसचे दिवस चर्चा चालते आणि जीबीचा दर कोणी विचारतच नाही, असं होऊ देऊ नका. छोट्या सीडीएन कंपन्या तीन-चार सेंटला जीबी देतात. तीन सेंटनं तेच २७ टीबी ८१० डॉलरला जातं. फक्त त्यांचे सर्व्हर भारतात आहेत ना, आणि तुमच्या भागात जे नेट जास्त चालतं त्यावर वेग बरा मिळतो ना, हे आठवडाभर चालवून बघा. दुबईच्या प्रेक्षकासाठी आखातातला सर्व्हर आहे का तेही विचारा, नाहीतर त्याचा व्हिडिओ युरोपला वळसा घालून यायचा.

आता ‘पाच हजार प्रेक्षक’ या शब्दाकडे. दिवसभरात पाच हजार आणि एका वेळी पाच हजार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाच हजार जणांची वीस मिनिटं म्हणजे एक लाख मिनिटं. ती दिवसाच्या १,४४० मिनिटांवर पसरली तर एका वेळी सरासरी सत्तरच माणसं असतात. साडेसातच्या बातम्यांना त्याच्या पाच-सहापट धरा, म्हणजे चारशे. चारशे जणांना १.२ एमबीपीएसनं लागतात ४८० एमबीपीएस. क्षमतेची चिंता करावी असा हा आकडा नाही. कोटेशनमध्ये ‘पाच हजार कॉन्करंट’, म्हणजे एका वेळी पाच हजार, लिहिलं असेल तर तुम्ही बैलगाडीच्या मालासाठी मालगाडी भाड्यानं घेताय.

जत्रेचं गणित मात्र वेगळं. तिथे वीस हजार माणसं खरंच एका वेळी आली तर २४ जीबीपीएस लागतील. एक जीबीपीएसच्या एका सर्व्हरवरून जेमतेम आठशे जणांना दाखवता येतं, त्यामुळे त्या दिवशी सीडीएनशिवाय गत्यंतर नाही. आणि तीन तासांचा तो कार्यक्रम ३२ टीबी खाईल, म्हणजे एरवीच्या सबंध महिन्यापेक्षा जास्त. म्हणून माझं मत सरळ आहे: जत्रेचा फीड त्याच वेळी यूट्यूबलाही द्या आणि परगावच्या लोकांना तीच लिंक पाठवा. तिथे वाटपाचा खर्च तुमचा नसतो. तोटा एवढाच, की मिरवणुकीत मागे सिनेमाचं गाणं वाजलं तर कॉपीराइटचा दावा येऊन थेट प्रक्षेपण मधेच बंद पडू शकतं. म्हणून ॲपवरचा फीड चालू ठेवायचाच, पण त्या दिवशी वरचा दर्जा ४८०पी (४८० ओळींच्या चित्रा) वर रोखायचा. फोनच्या पडद्यावर जत्रेच्या गर्दीत कोणाला फरक कळत नाही आणि बिल मात्र निम्म्याच्या आसपास येऊ शकतं.

यापुढचा मुद्दा सगळ्यात जास्त पैसे आणि त्रास वाचवणारा आहे, म्हणून जरा सविस्तर. तुमच्या चोवीस तासांत नवीन आणि थेट असं किती असतं? अर्धा तास बातम्या, कधी एखादा समारंभ. बाकी साडेतेवीस तास फायलीच वाजतात, आणि त्यातल्या बऱ्याच पुन्हा पुन्हा. त्या फायली प्लेआउटच्या पीसीवरून वाजवून, फीड वर पाठवून, क्लाउडवर पुन्हा ट्रान्सकोड करायचं म्हणजे तेच कीर्तन प्रत्येक वेळी नव्यानं दळायचं. त्याऐवजी प्रत्येक फाइल एकदाच चार दर्जांत तयार करून ठेवा आणि चॅनल म्हणून फक्त यादी चालवा.

हे शक्य होतं ते एचएलएसच्या रचनेमुळे. ॲपलनं २००९ मध्ये आणलेली ही पद्धत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करते आणि त्यांची यादी एका छोट्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिते. ती एम३यू८ फाइल. प्लेअर दर काही सेकंदांनी यादी परत मागतो आणि खाली जोडले गेलेले नवे तुकडे उचलतो. तुकडा आत्ता तयार झालाय की सहा महिन्यांपूर्वी, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मग घड्याळ बघून ‘आत्ता चार वाजून दहा मिनिटं, म्हणजे अमुक कीर्तनाचा शंभरावा तुकडा’ असं ठरवून यादी लिहिणारा एक छोटा प्रोग्राम पुरेसा होतो. त्याला मोठं मशीन लागत नाही, एक-दोन व्हीसीपीयूचं सगळ्यात स्वस्त मशीन चालतं. ॲमेझॉनचा क्लाउड हीच सोय ‘चॅनल असेंब्ली’ नावानं विकतो. प्रोग्राम लिहिणारं कोणी हाताशी नसेल तर ती घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

यात गाडी अडते ती तीन ठिकाणी. एक कार्यक्रम संपून दुसरा लागतो तिथे वेळेचे शिक्के एकदम बदलतात, म्हणून यादीत त्या जागी ‘डिस्कंटिन्युइटी’ची, म्हणजे ‘इथे सलगता तुटते’ अशी, खूण टाकावीच लागते. ती नसेल तर काही फोनवर चित्र गोठतं आणि आवाज पुढे जातो. दुसरी जागा यादीच्या अनुक्रमांकाची. हा आकडा सतत वाढता हवा आणि तो घड्याळावरून काढलेला हवा. मशीन रीस्टार्ट झाल्यावर तो शून्यापासून सुरू झाला तर आधीपासून बघणारे प्लेअर ‘यादी मागे गेली’ असं समजून गप्प बसतात. नव्यानं ॲप उघडणाऱ्याला सगळं छान दिसतं, म्हणून ऑफिसात बसलेल्याला तक्रार पटतच नाही. तिसरं म्हणजे, वरून जुनी डिस्कंटिन्युइटीची खूण यादीतून निघून गेली की तिचा वेगळा अनुक्रमांक एकानं वाढवायचा असतो. हे विसरलं जातंच, आणि मग ठरावीक टीव्हीवरच दर कार्यक्रमानंतर अडकण्याची तक्रार येते.

बातम्यांच्या वेळी प्रोग्राम यादीत थेट फीडचे तुकडे लावतो आणि आठ वाजता पुन्हा फायलींवर येतो. मात्र थेट तुकडे आणि फायलींचे तुकडे एकाच मापाचे हवेत: तेच कोडेक (व्हिडिओ-आवाज दाबून लहान करण्याची पद्धत), तेच आकार, आवाजाचा तोच सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेले नमुने). एकीकडे ४४.१ आणि दुसरीकडे ४८ किलोहर्ट्झ असेल तर काही टीव्हीवर बातम्या मूकपटासारख्या दिसतात.

आता दर्जांची शिडी. तुमच्यासारख्या चॅनलला चार पायऱ्या भरपूर झाल्या: २४०पी ३०० केबीपीएसला, ३६०पी ६०० ला, ४८०पी १,१०० ला आणि ७२०पी २,३०० ला, प्रत्येकीसोबत ६४ केबीपीएसचा एएसी आवाज. बेरीज साधारण साडेचार एमबीपीएस, म्हणजे एका तासाच्या कार्यक्रमाला चारही प्रती मिळून दोन जीबी. पाचशे तासांचा साठा एक टीबीत बसतो, आणि मुंबईत तेवढ्या साठवणीला महिन्याला पंचवीस डॉलरच्या आसपास पडतात. १०८०पी ची पायरी तुमचा कॅमेरा आणि संकलन खरंच त्या दर्जाचं असेल तरच ठेवा. केबलसाठी एसडीत (जुन्या साध्या दर्जात) काढलेलं ताणून १०८० केलं तर बिल वाढतं, चित्र नाही.

एसडीवरून आठवलं. केबलचा जुना माल बहुधा ७२० बाय ५७६ इंटरलेस्ड असतो, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत (फील्डमध्ये) येतं, आणि नेटवर येणारे निम्मे कुरूप व्हिडिओ यातूनच येतात. इंटरलेसिंग काढलं नाही तर हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात. ट्रान्सकोड करण्याच्या आधी, आकार बदलण्याच्याही आधी, डीइंटरलेस करायचं. क्रम उलटा झाला तर रेघा चित्रात कायमच्या मुरतात. कुस्तीचा फड किंवा शर्यत असेल तर दोन्ही फील्डची वेगळी फ्रेम करून ५० फ्रेमनं काढा, बाकी सगळं २५ ला चालेल. शिवाय एसडीचा पिक्सेल चौकोनी नसतो. ४:३ चा कार्यक्रम असेल तर ७६८ बाय ५७६ आणि १६:९ चा असेल तर १०२४ बाय ५७६ धरून पुढचं गणित करायचं, नाहीतर सरपंच एक तर वाळलेले दिसतात किंवा सुजलेले.

की-फ्रेम, म्हणजे आधीच्या चित्रांवर न विसंबणारं पूर्ण चित्र, दर दोन सेकंदांनी, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत बरोबर ५० फ्रेमवर, आणि दृश्य बदललं की आपोआप की-फ्रेम टाकायची एन्कोडरची (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या यंत्राची किंवा सॉफ्टवेअरची) सवय बंद. चारही पायऱ्यांच्या की-फ्रेम एकाच क्षणी पडल्या तरच प्लेअर नेट मंदावल्यावर खालच्या पायरीवर गुपचूप उतरतो. त्या जुळल्या नाहीत तर प्रत्येक उतरणीला झटका बसतो आणि लोक म्हणतात ‘ॲप हँग होतं’. तुकडा सहा सेकंदांचा ठेवा. प्लेअर साधारण तीन तुकडे साठवून सुरू होतो, म्हणजे वीस-पंचवीस सेकंदांची दिरंगाई येते. कीर्तनाला आणि कांद्याच्या भावाला ती कोणाला टोचत नाही. फोन-इन कार्यक्रमात मात्र टोचते, कारण घरात टीव्हीवर स्वतःचा आवाज पंचवीस सेकंदांनी ऐकू येतो. पण त्यासाठी सबंध चॅनल कमी दिरंगाईच्या पद्धतीवर नेऊ नका, फोन करणाऱ्याला टीव्हीचा आवाज बंद करायला सांगा.

दोन सेकंदांचे तुकडे केले तर आणखी एक खर्च हळूच शिरतो. चार पायऱ्या म्हणजे सेकंदाला दोन तुकडे आणि दोन यादी-फायली साठवणीत लिहिल्या जातात. महिन्याला हे एक कोटीच्या वर लिहिणं झालं. हजार लिहिण्यांना ०.००५ डॉलरच्या दरानं पन्नास डॉलर. सहा सेकंदांच्या तुकड्यांना हाच खर्च सतरा डॉलरवर येतो.

थेट फीड क्लाउडपर्यंत कसा न्यायचा, यात परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. दोन मार्ग आहेत. एक चांगल्या दर्जाचा चार-पाच एमबीपीएसचा फीड वर पाठवायचा आणि चार प्रती क्लाउडवर काढायच्या, किंवा चारही प्रती गावातच काढून तयार तुकडे वर चढवायचे. अपलोड दोन्हींत जवळपास सारखंच लागतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गावात बरा ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी आणि त्याकडे बघणारा माणूस असेल तर दुसरा मार्ग स्वस्त. पण वीज किंवा नेट गेलं की दुसऱ्या मार्गात तुकडेच येणं थांबतं, तर पहिल्यात क्लाउडवरचं मशीन ‘थोड्याच वेळात’ची पाटी लावू शकतं. तुम्ही यादीवर चॅनल चालवणार असाल तर ही अडचणही सुटते: दहा सेकंद नवा तुकडा आला नाही तर प्रोग्रामनं एखादं भजन लावून द्यायचं. म्हणून तुमच्या बाबतीत मी गावातच प्रती काढण्याच्या बाजूनं आहे. क्लाउडवरच काढायच्या असतील तर मशीन फक्त बातम्यांपुरतं, सातला चालू आणि सव्वाआठला बंद. महिन्याचे अडीचशे डॉलर तेरा-चौदावर येतील.

क्लाउडवर मशीन घेताना ‘बर्स्टेबल’ (थोडा वेळच पूर्ण ताकद देणारा) प्रकार टाळा. स्वस्त दिसतो, पण ट्रान्सकोडिंग सतत पूर्ण ताकद मागतं. सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं, मग पूर्ण ताकदीसाठी साठलेले क्रेडिट संपतात. ॲमेझॉनच्या जुन्या टी२ मशीनचा वेग तेव्हा पडतो आणि फ्रेम गळायला लागतात. टी३ चा वेग टिकतो, पण जादा वापराचं बिल वेगळं येतं.

फीड वर न्यायला आरटीएमपी ही जुनी पद्धत अजूनही चालते, पण ती टीसीपीवर (हरवलेलं मिळेपर्यंत पुढचं अडवून धरणाऱ्या नियमांवर) असल्यानं नेट जरा डगमगलं की सगळा डेटा तुंबतो आणि मग एकदम लोंढा येतो. त्याच कामाचा एसआरटी घ्या. २०१७ पासून तो सर्वांना खुला आहे, यूडीपीवर (असं न अडवणाऱ्या नियमांवर) चालतो आणि डेटाचं हरवलेलं तेवढंच पॅकेट परत मागवतो. परत मागवायला वेळ मिळावा म्हणून त्यात लेटन्सीचा (दिरंगाईचा) आकडा असतो. मूळ सेटिंग १२० मिलिसेकंद असतं, आणि गावाकडच्या नेटला ते फार कमी पडतं. जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या चौपट हा किमान नियम. तुम्ही सरळ १,५०० ते २,००० ठेवा, पंचवीस सेकंदांत आणखी दोनानं काही बिघडत नाही. अपलोड फीडच्या दीडपट तरी हवं, आणि ते संध्याकाळी साडेसातलाच मोजायचं. दुपारी दोनचा स्पीड टेस्ट कोणालाही खूश करतो. एक फायबर आणि एक वेगळ्या कंपनीचं मोबाईल नेट ठेवा. दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर ती दोन जोडण्या नव्हेत. राउटर, फायबरची डबी आणि एन्कोडर तिघंही यूपीएसवर हवेत. फायबरची डबी नेहमी विसरली जाते.

चोवीस तास थेट फीड सलग चालवायचाच असेल तर एक विचित्र बिघाड माहीत असू द्या. ट्रान्सपोर्ट स्ट्रीम (फीड ज्या स्वरूपात वाहतो ते) मधला वेळेचा शिक्का ३३ बिटांचा असतो आणि सेकंदाला ९०,००० नं वाढतो. म्हणजे साडेसव्वीस तासांनी तो पुन्हा शून्यावर येतो. मधलं एखादं सॉफ्टवेअर हे नीट हाताळत नसेल तर चॅनल साधारण रोज, पण रोज अडीच तास उशिरानं, तोंड फिरवतं. वेळ रोज सरकत असल्यामुळे लोक विजेला, नेटला, उन्हाला दोष देत बसतात. बिघाडांमधलं अंतर २६ तास ३० मिनिटं निघालं की समजायचं.

सीडीएनच्या सेटिंगमध्ये चुका ठरलेल्या असतात. तुकडे कधी बदलत नाहीत, म्हणून ते महिनाभर कॅशमध्ये (सीडीएनच्या तात्पुरत्या साठ्यात) राहिले तरी चालतील. यादी मात्र दर सहा सेकंदांनी बदलते, तिला दोन-तीन सेकंदांच्या वर कॅश करू नका. दोन्हींना एकच नियम लावला तर चॅनल सुरू होतं आणि अर्ध्या मिनिटात थांबतं. ‘फाइल सापडली नाही’ हे उत्तरही सीडीएन काही वेळ लक्षात ठेवते. तुकडा चढायच्या आधी यादी चढली तर कोणीतरी घाईनं तो मागतो, नकार कॅश होतो आणि तुकडा आल्यावरही पुढच्या सगळ्यांना नकारच मिळतो. म्हणून आधी तुकडा, मग यादी, आणि नकार एक सेकंदाच्या वर लक्षात ठेवायचा नाही. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतं पण वेबसाइटवर काळा पडदा येतो, तर बहुधा सीओआरएसचं हेडर, म्हणजे ‘दुसऱ्या साइटला ही फाइल वापरू द्या’ ही परवानगी, राहिलेलं असतं. ब्राउझर ते तपासतो, व्हीएलसी तपासत नाही.

लिंक चोरीला जाऊ नये म्हणून पत्त्याला टोकन (प्रत्येक प्रेक्षकाची वेगळी सांकेतिक खूण) जोडतात ते योग्यच. पण ते टोकन कॅशच्या किल्लीत (सीडीएन ज्यावरून फाइल ओळखते त्यात) धरलं गेलं तर सीडीएनच्या दृष्टीनं प्रत्येक प्रेक्षकाची फाइल वेगळी ठरते. कॅश निकामी होते आणि जत्रेच्या दिवशी वीसच्या वीस हजार मागण्या थेट ओरिजिनवर आदळतात. टोकन तपासायचं, पण किल्लीतून वगळायचं. डीआरएमचं, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलपाचं, मात्र कोटेशनमधून नाव काढून टाका. गावच्या कीर्तनाला वाइडव्हाइनचं कुलूप लावून उपयोग शून्य आणि जुन्या टीव्हीवर तक्रारी शंभर.

जत्रेच्या दिवशी आणखी एक पथ्य. ‘पालखी निघाली’ असं नोटिफिकेशन सगळ्यांना एकाच क्षणी पाठवू नका. व्हिडिओ सीडीएन सांभाळते, पण ॲप उघडल्यावर लॉगिन आणि मुखपृष्ठाच्या मागण्या तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर येतात आणि तोच आधी झोपतो. आपोआप वाढणारी मशीन जागी व्हायला काही मिनिटं घेतात, गर्दी सेकंदांत येते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. असल्या गर्दीला क्षमता आधीच उभी करून ठेवावी लागते. तुम्ही दोन-दोन हजारांच्या गटांनी दर मिनिटाला नोटिफिकेशन पाठवा, आणि मुखपृष्ठ हीदेखील सीडीएनवरची साधी फाइल ठेवा. लॉगिन तर नकोच.

टीव्हीसाठी चित्राला एच.२६४ आणि आवाजाला साधा एएसी सोडू नका, नवं कोडेक हवं तर जोडीला द्या. जुने अँड्रॉइड टीव्ही आणि बॉक्स सर्टिफिकेटवरूनही अडतात. साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट मोफत देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचा आधार असलेलं जुनं मूळ सर्टिफिकेट ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, आणि अपडेट बंद झालेल्या उपकरणांवर ते मोफत सर्टिफिकेट चालत नाही. ‘शेजारच्या टीव्हीवर दिसतं, आमच्यावर नाही’ अशी तक्रार आली तर आधी हे बघा.

कायद्याचं थोडक्यात, कारण नेमका सल्ला वकिलाचाच. केबलवर दाखवायची परवानगी आणि हक्क इंटरनेटला आपोआप लागू होत नाहीत. सिनेमाची गाणी, ऑर्केस्ट्रा, दुसऱ्या चॅनलची दृश्यं ॲपवरच्या यादीतून वगळलेली बरी. यादीवर चालणाऱ्या चॅनलचा इथे फायदा होतो: केबलवर एक कार्यक्रम आणि त्याच वेळी ॲपवर दुसरा लावता येतो. बातम्या नेटवर दाखवणारे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांच्या कक्षेत येतात, आणि त्यात प्रसारित मजकुराची नोंद किमान ६० दिवस जपण्याची अट आहे. त्यासाठी क्लाउडवर वेगळी साठवण विकत घेऊ नका. एक एमबीपीएसनं सबंध दिवसाचं रेकॉर्डिंग अकरा जीबीच्या आत होतं, साठ दिवसांचं साडेसहाशे. ऑफिसातल्या एक टीबीच्या डिस्कवर ते मावतं. तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर असली म्हणजे झालं.

आता ते कोटेशन परत पाठवा आणि चार कामांचे चार वेगळे आकडे मागा. जीबीचा दर काय आणि महिन्याला किती जीबी धरलेत ते लिहून घ्या. क्लाउडचं खातं तुमच्या नावावर हवं, कंपनीच्या नव्हे, आणि त्यात बिलाची सूचना पहिल्याच दिवशी लावून घ्या, ठरवलेल्या रकमेच्या निम्म्यावर एक आणि पाऊण भागावर एक. तयार केलेले तुकडे साध्या एचएलएसच्या फायली म्हणून तुमच्या साठवणीत राहतील, असं करारात घाला. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनंही आपली अझ्युर मीडिया सर्व्हिसेस ३० जून २०२४ ला बंद केली. ज्यांच्या फायली साध्या होत्या त्यांना नवं घर शोधणं सोपं गेलं. आणि सुरुवात बातम्या आणि वीस कीर्तनांवर करा. महिनाभराच्या बिलात प्रत्यक्ष किती जीबी गेले ते दिसलं की मग ॲमेझॉन की गूगल हे दोन ओळींत ठरेल.